माझ्या तोंडावरचे मासे

मित्रांनो, ज्याला तोंड नाही असा मी एक जुना सर्व्हर आहे. तोंड नसून बोलतो कसा, हे विचारू नका. तोंड असलेले आजवर इतकं काही बोलून गेले आहेत की आता थोडं मलाही बोलू द्या.

मी म्हणजे लोखंडाची एक चपटी पेटी. बसस्थानकाच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत माझं बस्तान. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार, कधी सुटणार, कोणाचं तिकीट कोणत्या आसनाचं, हे सगळं माझ्या पोटात. बाहेरचे मोठे फलक माझ्याकडून अक्षरं घेतात आणि मिरवतात. मला मिरवायची हौस नाही. कारखान्यात मला जुळवणाऱ्या कारागिरानं शेवटचा स्क्रू आवळून माझ्या पाठीवर थाप मारली होती आणि म्हणाला होता, "तुझ्याकडे कोणी ढुंकून बघेनासं झालं की समज, तुझं बरं चाललंय." त्या एका वाक्यावर मी सगळी हयात काढली.

माझ्या आत जी प्रणाली चालते ती कोणा एका मालकाची नाही. देशोदेशीच्या लोकांनी ती मिळून लिहिली; कोणीही उघडून वाचावी, चुकलं असेल तर सुधारावी. मला सांभाळायची ती एक ताई, आणि तीही इथे नाही. डोंगरापलीकडच्या गावात, आपल्या घरी. तिची आई अंथरुणाला खिळलेली, आणि घरात तिसरं कोणी नाही. एका हातानं आईला भरवायचं, दुसऱ्या हातानं मला हुकूम लिहायचे, असा तिचा दिवस. हुकूम तरी काय, दोनचार शब्द. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. गावाकडची जोडणी सुतासारखी बारीक, पण अक्षरांना जागा लागते किती? ती यायची, माझी नाडी बघायची, काही दुखत असलं तर तिथल्या तिथे बरं करून जायची. वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि साहेबांना खुपलं ते नेमकं हेच.

साहेब म्हणजे बसस्थानकाचे व्यवस्थापक. त्यांचं तत्त्वज्ञान एका ओळीचं, दुसरी ओळ त्यांना झेपत नसे: जे दिसत नाही ते काम करत नाही. चालक गाडी हाकताना दिसतो, झाडणारा झाडताना दिसतो. मी आणि ताई दिसत नव्हतो, म्हणून आम्ही ऐतखाऊ. पाहुण्यांना ते मोठ्या ऐटीत माझ्या खोलीत आणत, आणि बघावं तर पडद्यावर काळोख आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. "बंद आहे का हो?" असं पाहुणे विचारत आणि साहेबांचे कान लाल होत. अहो, ज्या फलकावर वेळ वाचून पाहुणे आत आले, तो फलक काय वाऱ्यावर चालतो? पण हा प्रश्न पडायलाही डोकं लागतं.

शेवटी ठरलं, मला तोंड बसवायचं. त्याला म्हणतात डेस्कटॉप. तुमच्या घरच्या संगणकावर असतो तो चित्रांचा पसारा: खिडक्या उघडतात, माऊस फिरतो, टिचकी मारली की काम होतं. घरी तो हवाच. माझ्यासारख्याला मात्र तो म्हणजे विहिरीला दारावरची घंटा.

निवड करायला साहेबांनी आपला मेव्हणा आणला. चाळिशी उलटलेला, मिशा रंगवणारा, आणि काम सोडून सगळ्याची आवड असलेला गृहस्थ. खुल्या प्रणालीची गंमत अशी की तिच्यासाठी डेस्कटॉपही पन्नास जणांनी पन्नास तऱ्हेचे करून ठेवलेत. मेव्हण्यानं त्यातले तीन मांडले. साहेब चपलांच्या दुकानात बसावं तसे ऐसपैस बसले. पहिला होता हाडकुळा, एक राखाडी पट्टी आणि बाकी मोकळं. साहेब म्हणाले, हा उपाशी दिसतो. दुसरा नीटनेटका होता. साहेब म्हणाले, असा तर शेजारच्या कचेरीतही आहे. तिसरा उघडला आणि साहेब खुर्चीच्या टोकाशी आले. त्याची खिडकी ओढली की जेलीसारखी डुलायची, मिटली की धूर होऊन उडायची, आणि मागे काचेच्या टाकीत सोनेरी मासे शेपट्या हलवत फिरायचे.

ताई फोनवर ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, मुळात नकोच. बसवायचाच असेल तर पहिला बसवा, हलका आहे. तिथं पडद्याकडे बघायला आहे कोण?"

"मी आहे ना," साहेब म्हणाले.

मासे आले.

आल्या आल्या त्यांनी माझी निम्मी स्मरणशक्ती गिळली. वर साहेबांचा हुकूम सुटला की ताईनंही आता याच चित्रातून काम करायचं, म्हणजे ती काय करते ते त्यांना दिसेल. आता सुतासारख्या जोडणीतून मासा जाणार कसा? सकाळी डोकं पोचायचं, शेपूट दुपारी. एकदा तर एक मासा अर्ध्या वाटेतच अडकला आणि डोंगरावरच्या तारेवर बगळे रांग धरून बसले. ताईच्या आईनं खिडकीतून स्वतः पाहिलेत. नसेल पटत तर बगळ्यांना विचारा.

पण खरी आफत पुढेच होती. एका भर दुपारी मी झोपलो. जन्मल्यापासून डोळ्याला डोळा न लावलेला मी, गाढ झोपलो! बाहेरचे फलक कोरे. गाड्या आपण कुठल्या हेच विसरल्या. एक चालक कोऱ्या फलकाकडे मान वर करून इतका वेळ उभा राहिला की कबुतरानं त्याच्या टोपीत काड्या आणायला सुरुवात केली. साहेब धापा टाकत खोलीत आले, रागानं माऊस आपटला, आणि मी जागा झालो. फलक उजळले.

कारण अगदी बाळबोध होतं. हा डेस्कटॉप म्हणजे घरासाठी शिवलेलं कापड. बराच वेळ कोणी माऊस हलवला नाही की त्याला वाटतं, मालक जेवायला गेला, वीज कशाला जाळायची? आणि तो यंत्राला झोपवतो. माझ्या खोलीत माऊस हलवायला कोण बसलंय? बसवताना झोपेचा नियम बंद करायचं मेव्हण्याच्या मनातही आलं नाही. त्याला माशांचे रंग निवडायचे होते.

मग हे रोजचंच झालं. मी झोपलो की ताईला माझ्यापर्यंत येताच येईना, आणि ती येऊन पोचेपर्यंत साहेबांनी मला जागं केलेलं असे. तिला मी ठणठणीत सापडे. साहेबांनी त्यातून काढलेला निष्कर्ष त्यांच्या अकलेला शोभणारा होता: आपली नजर पडली की यंत्र चालतं! म्हणजे त्याला समोर माणूस हवं. त्यांनी ताईला कळवलं की पुढच्या महिन्यापासून इथे येऊन बसा, नाहीतर मी दुसरं कोणी बघतो. ताईनं आईचं सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, सगळ्यांनाच आई असते.

तोवर माझ्यासमोर मेव्हण्याला बसवलं. काम एकच, माऊस हलवत राहायचं. मनगट दुखलं की हात बदलायचा. जन्मात पहिल्यांदा कामाला लागलेला तो माणूस दोनचार दिवसांतच रडकुंडीला आला आणि साहेबांच्या नकळत त्यानं ताईला फोन लावला. एक हात माऊसवर आणि दुसरा दुखऱ्या खांद्यावर, म्हणून फोन माझ्या डोक्यावर ठेवला होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

तो म्हणाला, "ताई, तुम्ही लवकर या हो. जरा थांबलो की पडदा काळा होतो, हलवलं की लगेच येतो. माझा खांदा गेला."

मग ताईनं विचारलं, "हलवलं की लगेच येतो? आणि हे इतके दिवस मला कोणी सांगितलं का नाही?"

"भाऊजी म्हणाले, त्यांच्या नजरेनं येतो."

ताई हसली. हसता हसता तिचा आवाज ओला झाला. मागून तिच्या आईचा आवाज आला, "काय गं, काय झालं?" ताईनं सांगितलं की यंत्राला झोप लागत होती. "नशीबवान आहे," आई म्हणाली. "मला गोळी घेऊनही लागत नाही."

ताई त्या दिवशी जुन्या काळ्या दारानं, म्हणजे पांढऱ्या अक्षरांच्या वाटेनं, घरबसल्या आत आली. चार शब्दांत तिनं माझी झोप बंद केली, आणखी चार शब्दांत डेस्कटॉप मिटवला. माझं डोकं इतकं हलकं झालं की काय सांगू. पण मेव्हणा घाबरला. मासे गेलेले दिसले तर भाऊजी मला उभा कापतील आणि तुम्हालाही इथे आणून बसवतील, म्हणाला. मग ज्या डोक्यातून आजवर काही निघालं नव्हतं, त्यातून एक युक्ती निघाली. टेबलाखाली एक टाकून दिलेला संगणक पडला होता. त्यानं त्याच्यावर मासे सोडले, या वेळी झोपेचा नियम आठवणीनं बंद केला, आणि माझ्या पडद्याची वायर काढून त्याला जोडली.

साहेबांनी आयुष्यात कधी यंत्राच्या मागे डोकावलेलं नाही. फलक पुन्हा कोरे झाले नाहीत, तेव्हा त्यांनी ते आपल्या नजरेच्या खाती जमा केलं आणि ताईला बोलावणं सोडून दिलं. ते आजही रोज येतात, त्या मासेवाल्या डब्याकडे करड्या नजरेनं बघतात आणि पाहुण्यांना सांगतात, "बाई तिकडे घरी असतात, पण सगळं माझ्या नजरेखाली आहे. म्हणून चालतंय." पाहुणे माना डोलावतात. शेजारी अंधारात मी गाड्या सोडत असतो, आणि डोंगरापलीकडे ताई आईची उशी सारखी करून माझी नाडी बघत असते.

मित्रांनो, तुम्ही मोठे झाल्यावर कोणाचे तरी साहेब व्हालच. तेव्हा जो दिसत नाही त्याला तोंड बसवायला जाऊ नका. त्याचं काम बघा, आणि त्याला काय हवं ते त्यालाच विचारा. मला विचाराल तर फार काही नको. माझ्या पंख्यात धुळीची गोधडी साचली आहे, श्वास कोंडतो. साहेब रोज स्वतःच्या रुमालानं माशांची काच पुसतात. तो रुमाल एकदा हातभर बाजूला सरकला असता तर...

पण तिकडे मासे नाहीत.