माझ्या पत्र्यावरचा पोचा

मी एक जुना स्पीकर आहे. मित्रांनो, तुमच्या घरचे स्पीकर खोक्यात बसून आरामात आले असतील. मी मात्र मार खाऊनच जन्माला आलो. गाड्यांचे पोचे काढणाऱ्या एका मिस्त्रीने अपघातात चेपलेल्या गाडीचं बॉनेट कापलं, हातोडीने त्याच्या कडा वळवल्या, पुढून भोकं पाडली आणि आत कर्णा बसवला. एकेक घाव मला आठवतो. तरी मला त्याचा राग आला नाही, कारण त्याच्या शेजारी त्याची तीन वर्षांची मुलगी बसली होती आणि हा सगळा खटाटोप तिच्यासाठी चालला होता. तिची बडबड दिवसभर थांबत नसे, म्हणून सगळे तिला घंटी म्हणत.

गॅरेजच्या भिंतीवर मी बारा वर्षं काढली. बातम्या सांगितल्या, सामने सांगितले, गाणी तर किती म्हटली याची गणतीच नाही. घंटीची आई त्याच गॅरेजात पुट्टी घासायची. ती धूळ माझ्या घशात जाई आणि मी खरखरलो की मिस्त्री मला एक थप्पड लगावत असे. गिऱ्हाइकं म्हणायची, "मिस्त्री, हा डबा तुमच्या हातचा? काय आवाज आहे!" मग मिस्त्रीची छाती फुगायची आणि खरं सांगायचं तर माझीही.

मिस्त्री तापट होता. बायकोवर आणि मुलीवर आपण कधी हात उचलला नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचा. ते खरंही होतं. पण बाकी कशालाच त्याने सोडलं नव्हतं. बोल्ट अडकला की पाना काचेवर जायचा. एकदा घरी जेवण उशिरा मिळालं म्हणून त्याने ताट भिंतीवर फेकलं होतं. न्हाणीघराचं दार लाथेने मोडलं तेव्हा ते दुरुस्तीला माझ्यासमोरच आणलं होतं. घंटी ते दार धरून उभी होती आणि त्या दिवशी तिची बडबड बंद होती.

पंधराव्या वर्षी घंटीला रॅपचं वेड लागलं. आईवडील गाडी पोचवायला गेले की ती आपला फोन मला जोडायची. गाणारा कुणी तरुण होता. ओळीला तीन शिव्या, मध्ये चाकू, रक्त, पडलेले दात. मी गॅरेजात वाढलो आहे, शिव्या मला नव्या नाहीत. पण त्या पोराने माझाही कर्णा तापवला. मग एक दिवस मधल्या सुट्टीत घंटीने ते गाणं अख्ख्या वर्गाला म्हणून दाखवलं, आणि बाईंनी आईवडिलांना बोलावून घेतलं.

चार दिवस दोघांचा वाद चालला. फोन काढून घ्यायचा, एवढंच मिस्त्रीचं म्हणणं होतं. आई पत्रा घासता घासता म्हणाली, "अहो, फोन घेतला तर मैत्रिणीच्या फोनवर ऐकेल. दार लावून ऐकण्यापेक्षा आपल्यासमोर ऐकू दे. एकदा पूर्ण ऐकू, मग काय ते ठरवू." शेवटी ठरलं. रविवारी दुपारी गॅरेजात एक गाणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुणी बोलायचं नाही. ऐकून झाल्यावर बाबा नको म्हणाले तर घंटी ते सोडणार. गाणं तिने स्वतः निवडलं. दोन दिवस ती त्यासाठीच फोन चाळत होती.

चूक एकच झाली. रिकाम्या हातांनी काही ऐकायची मिस्त्रीला सवय नव्हती. संध्याकाळपर्यंत एका गाडीचं दार द्यायचं होतं. तो हातोडी घेऊन त्या दारापाशी बसला आणि म्हणाला, "लाव, ऐकतोय मी."

पहिल्या शिवीला हातोडी जरा जोरात पडली. दुसरीला त्याहून जोरात. गाण्यात आईवरून शिवी आली तसा तो उठला.

"बंद कर ते."

"बाबा, पूर्ण ऐकायचं ठरलंय. पुढचं ऐका ना."

त्याने मला हाणलं. माझं कपाळ आत गेलं, पण मी गाडीचा पत्रा आहे, मी गातच राहिलो. त्यामुळे मिस्त्रीचं डोकं आणखी फिरलं. दुसऱ्या घावासाठी त्याने हातोडी उचलली तेव्हा घंटीने मला वाचवायला हात मध्ये घातला. हातोडी खाली यायला निघाली होती. घंटीची दोन बोटं हातोडीच्या आणि माझ्या मध्ये चिरडली. मोडतोडीचे सगळे आवाज मला ओळखीचे आहेत, पण तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिचं रक्त माझ्या भोकांतून आत आलं.

आईने धावत येऊन तिचा हात फडक्यात बांधला. गाणं बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. शिव्या संपल्या होत्या. तो पोरगा खालच्या आवाजात आपल्या बापाशी बोलत होता: मला कधी हात लावला नाहीस, पण तू दारं मोडलीस तेव्हा मी दाराच्या पलीकडे होतो. तिघांनीही ते ऐकलं. घंटीला ऐकवायचं होतं ते एवढंच होतं.

सहा आठवडे प्लास्टर होतं. एक बोट अजून वाकडंच आहे. वर्गात शिव्या म्हणायच्या नाहीत, घरात गाणी ऐकायला बंदी नाही, असं आईने ठरवलं आणि मिस्त्रीने मान हलवली. आता रविवारी तो मांडीवर हात ठेवून जमिनीवर बसतो. अर्थ कळला नाही तर विचारतो. परवा आवाज वाढवायला त्याने हात पुढे केला, आणि घंटीने झटकन आपला हात पाठीमागे लपवला. मिस्त्रीने ते पाहिलं. त्याचा हात बटणापर्यंत पोचलाच नाही.

मित्रांनो, माझा पोचा तो तासाभरात काढेल, ते काम त्याच्या हातचं आहे. तो लपवलेला हात पुन्हा पुढे यायला किती वर्षं लागतील, हे त्याला माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणून तुमच्या घरच्या मोठ्यांना माझी एक विनंती सांगा: मुलांचं गाणं ऐकायला बसताना आधी हातातलं खाली ठेवा आणि ते शेवटपर्यंत ऐका. आणि हे सांगायची तुम्हाला भीती वाटत असेल, तर आधी ती भीतीच सांगा.