शेवटच्या सहामाहीची पावती

तिने पैशांचं पाकीट काचेखालून आत सरकवलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "दोन पावत्या करा. अर्धी माझी, अर्धी यांची."

'यांची' म्हणजे तिच्या मागे, मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढं अंतर राखून उभ्या असलेल्या लिफ्ट मेकॅनिकची. हा तिचा पूर्वीचा नवरा. घटस्फोटाला सहा वर्षं झाली होती. मुलीच्या शिक्षणाचा खर्च निम्मा-निम्मा, असं तेव्हा कागदावर ठरलं होतं. एकमेकांच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, हे मात्र कुठेही न लिहिलेलं कलम, आणि तेच दोघं जास्त इमानेइतबारे पाळत. दर सहामाहीला दोघं अर्ध्या दिवसाची रजा टाकून कॉलेजच्या या खिडकीशी येत आणि आपापला वाटा भरून आपापली पावती घेऊन जात. खिडकीतल्या कारकुनांना सगळं कॉलेज पावतीकाका म्हणायचं. सात खेपांत त्यांना ही तऱ्हा पाठ झाली होती. आजची आठवी खेप शेवटची.

पावतीकाकांनी संगणकात पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा पाहिलं.

"अर्धी फी काल जमा झालीये. एकच वाटा उरलाय."

"कोणी भरली?" दोघांनी एकदमच विचारलं.

"तुमच्या मुलीनेच. काल इथेच उभी होती."

मेकॅनिकचा चेहरा उतरला. हात मोडल्यामुळे तो तीन महिने घरी बसून होता, आणि ते मुलीच्या कानावर गेलंच असणार. मुलगी आईकडे राहायची, त्याला अधूनमधून फोन करायची. बापपणातलं त्याच्याकडे उरलं होतं ते एवढंच, ही खिडकी आणि हा अर्धा वाटा. तोही पोरीने काढून घेतला, असं वाटून त्याला फार लागलं.

"तू सांगितलंस ना तिला, बापाच्या खिशात खडखडाट आहे म्हणून?"

"मी कशाला सांगू? तिने माझा वाटा भरलाय." ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. मालकाने पगार कापल्यापासून सुटीच्या दिवशीही कामावर जायची. "माझी ओढाताण बघवत नाही तिला."

"तुझा कसा? माझाच असणार."

"माझा!"

"अहो, वाट्यावर कोणाचं नाव नसतं," पावतीकाका म्हणाले. "मागे रांग लागलीये."

लोक फी चुकवायला भांडतात. ही दोघं भरायला हमरीतुमरीवर आली होती. शेवटी तिने मुलीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आई, प्रॅक्टिकल चालू आहे."

"कोणाचा वाटा भरलास, ते सांग आधी."

"कोणाचा म्हणजे? माझा."

"पैसे कुठून आणलेस?" मेकॅनिकने मान पुढे काढून विचारलं.

"बाबा, तुम्हीपण आहात? बरं झालं. वर्षभर संध्याकाळी एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढून देतेय."

"लायब्ररीत जाते म्हणाली होतीस," आई म्हणाली.

"लायब्ररीतही जाते. त्याशिवाय का वर्गात पहिली आले? सात सहामाह्या तुम्ही दोघांनी ओढल्यात, मी बघितलंय. शेवटची अर्धी माझी. उरलेली अर्धी आई-बाबांची, दोघांची मिळून. ठेवते आता, सर बघतायत."

फोन बंद झाला. मेकॅनिकला इतका अभिमान वाटला की कुठे बघावं ते कळेना, म्हणून तो भिंतीवरची मागच्या वर्षीची सूचना मन लावून वाचत राहिला. ती ओढणीच्या टोकाने डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"बापावर गेलीये. हट्टी."

"आणि हे न सांगता, चूपचाप करणं? ते कोणाचं?"

पाकीट परत घेऊन त्यातल्या निम्म्या नोटा तिने काढल्या आणि ते त्याच्यापुढे उघडं धरलं. त्याने आपल्या नोटा दोनदा मोजून त्यात घातल्या. मोडलेल्या हाताची बोटं अजून नीट वळत नव्हती. तिने घाई केली नाही.

"भरणाऱ्याचं नाव?" पावतीकाकांनी विचारलं. "रकाना एकच आहे."

"दोघांची लिहा," ती म्हणाली. "आधी यांचं."

पावतीकाकांनी नावं लिहिली, शिक्का जरा जास्तच जोरात मारला आणि एकुलती एक पावती बाहेर सरकवली. ती दोघांच्या मधोमध पडून राहिली.

"तू ठेव," तो म्हणाला. "तुझी फाईल असते."

तिने पावती उचलली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"ही तिला देऊ," ती म्हणाली. "आपण दोघं झेरॉक्सवर भागवू."