तिसरा सिलिंडर

निंबाभाऊंनी शेठची पांढरी गाडी कोसाडच्या गॅरेजसमोर लावली आणि इंजिन बंद न करताच हाक मारली, "हेमराज, ऐक तर जरा. सकाळी सुरू केली की दमेकऱ्यासारखी धापा टाकते."

हेमराज शिरपूरकडचा. सुरतेत येऊन त्याला अठरा वर्षं झाली होती. निंबाभाऊ त्याच्या शेजारच्या गावचे, वयाने दहा वर्षांनी मोठे. इच्छापोरला कापडाचा कारखाना असलेल्या धनसुखशेठकडे ते अकरा वर्षं गाडी चालवत होते. एवढी भारी गाडी शेठने रस्त्यावरच्या गॅरेजला कधीच दिली नसती. पण निंबाभाऊंनी शब्द टाकला होता, "आमच्या गावाकडचा माणूस आहे. खोटं काम करणार नाही."

हेमराजने बारीक कॅमेऱ्याची नळी आत घालून पडद्यावर दाखवलं. हवा आत जाते त्या व्हॉल्व्हच्या पाठीवर काळा जाड थर बसला होता, करपलेल्या पातेल्याच्या तळासारखा.

"एवढा कार्बन? अरे, मी तर टाकीत सफाईची बाटली ओतली होती."

"ती इथं पोचतच नाही, भाऊ. जुन्या इंजिनात पेट्रोल या व्हॉल्व्हच्या पाठीवर उडायचं, जाता जाता तिला धुऊन काढायचं. हे डायरेक्ट इंजेक्शन. पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत. व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा थेंब लागत नाही. इंजिनातल्या ऑइलची वाफ मात्र इथूनच जाते, नि इथंच चिकटते."

"मग?"

"उघडून खरवडावं लागेल. अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या जोराने मारायचा. कार्बन निघतो, लोखंडाला ओरखडा पडत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने काम घेतलं. या कामात एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची असते. ज्या सिलिंडरवर भुगा मारायचा, त्याचे व्हॉल्व्ह आधी इंजिन पान्याने फिरवून पूर्ण बंद करायचे. उघडा राहिला तर भुगा थेट सिलिंडरमध्ये. पहिले दोन झाले. तेवढ्यात शेजारच्या दुकानदाराने वाटेत उभी असलेली दुसरी गाडी हलवायला हाक मारली. हेमराज गेला, दोन शब्द बोलून परत आला आणि तिसऱ्यावर नळी धरली. इंजिन फिरवलंय असंच त्याच्या मनात होतं.

मारलेला भुगा परत ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमच्या पाइपातून काहीच येईना, तेव्हा त्याला कळलं, तिसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला होता.

प्लग काढून त्याने आतलं जमेल तेवढं ओढून घेतलं. पुन्हा कॅमेरा घालून शेवटच्या कणापर्यंत पाहायला हवं होतं. गरज पडली तर हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, खोलायला हवं होतं. पण ते केलं असतं तर दोन दिवस गाडी अडकली असती आणि का अडकली हे सांगावं लागलं असतं. संध्याकाळी त्याने सगळं जोडून चावी फिरवली. इंजिन लोण्यासारखं चाललं.

"वा रे पठ्ठ्या!" निंबाभाऊ म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. हेमराज हसला. ते हसू नंतर कितीतरी दिवस त्याला आठवत राहिलं.

नवव्या दिवशी गाडी कामरेजजवळ हायवेवर बंद पडली आणि दोरीने ओढत गॅरेजला आली. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेलं होतं. हेड खोललं तर पिस्टनच्या कडेच्या फटीत जळके दाणे आणि सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे. पुरावा समोरच होता, आणि तो पाहणारा हेमराज एकटाच होता.

त्याच वेळी शेठचा फोन आला. "हेमराज, क्या हुआ? नौ दिन में इंजन कैसे गया?"

त्याने ठरवून काही केलं नाही. शब्द आपोआप तोंडातून निघाले. "शेठ, ये गाडी नाजूक है. खडी गाडी में घंटों एसी चलाते हैं, छोटे छोटे चक्कर मारते हैं, तो कार्बन जमता है. आखिर में इंजन बैठ जाता है."

"निंबा ऐसे चलाता है?"

हेमराज म्हणाला, "चलाते तो वही हैं."

यात धादांत खोटं एकही वाक्य नव्हतं. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं की कार्बन वाढतो, हे खरंच होतं. म्हणूनच ते शेठला लगेच पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निंबाभाऊंची नोकरी गेली.

चार दिवसांनी निंबाभाऊ गॅरेजवर आले. हेमराजला वाटलं, आता शिव्या बसणार. तो पाना हातात घट्ट धरून उभा राहिला. पण निंबाभाऊ बाकावर बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "मन्ही चूक शे, हेमराज. तू मेहनतीनं केलेलं काम माझ्यामुळं वाया गेलं. शेठजवळ तुझंही नाव खराब झालं असेल."

हेमराजने हातातला पाना खाली ठेवला.

"एसी मी चालू ठेवायचो, खरं आहे," निंबाभाऊ सांगू लागले. "शेठच्या आईला डायलिसिसला न्यायचो. बाहेर आल्या की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. औषधं आणेपर्यंत गार हवेत बसवायचो. अर्धा तास, कधी जास्त. त्यानं इंजिन मरतं हे मला कुठं ठाऊक? आता तूच शिकव. दुसरीकडं नोकरी लागली तर पुन्हा तसं नको व्हायला."

आणि हेमराजने शिकवलं! ऑइल वेळेवर बदला, कंपनी सांगते तेच घाला. आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेवर अर्धा तास मोकळी पळवा. गार इंजिनावर दोन-दोन मिनिटांचे फेरे नकोत. तीस-चाळीस हजार किलोमीटरला व्हॉल्व्ह एकदा कॅमेऱ्याने बघून घ्या. निंबाभाऊ शाळकरी मुलासारखे एकेक गोष्ट बोटावर मोजत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "पण एवढ्यानं नऊ दिवसांत इंजिन जातं?"

"जातं कधी कधी," हेमराज म्हणाला.

निंबाभाऊ गेल्यावर तो गाडीखाली जाऊन पडला. काही काम नव्हतं. कोणी आपलं तोंड पाहू नये एवढंच वाटत होतं. पहिलं खोटं भीतीपोटी निसटलं होतं. हे दुसरं त्याने समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं. रात्री जेवणाचं ताट त्याने तसंच ठेवलं. बायको मंदाने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्याने सगळं सांगून टाकलं. ताट उचलताना ती म्हणाली, "मला सांगून काय होणार?"

दुसऱ्या दिवशी तो इच्छापोरला गेला. मागांच्या खडखडाटात शेठच्या काचेच्या केबिनमध्ये उभं राहून त्याने घडलं ते सगळं सांगितलं. आपल्या पदरचं सामान घालून इंजिन दुरुस्त करून देतो, असंही सांगितलं.

शेठने शांतपणे ऐकून घेतलं. "गाडी आज उठवा लेता हूँ. तू हाथ मत लगाना," ते म्हणाले. "ग्यारह साल का आदमी मैंने तेरे एक बोल पर निकाल दिया. मेरी बा रोज उसके बारे में पूछती है. मैं उसे क्या बताऊँ?" मग त्यांनी निंबाभाऊंना लावायला फोन उचलला.

"शेठ, रुकिए," हेमराज म्हणाला. "पहले मुझे उनको बताने दीजिए."

निंबाभाऊंच्या घरी त्यांच्या बायकोने, उषाबाईंनी, चहा टाकला होता. हेमराज बसलाही नाही. दारातच उभा राहून बोलला. उषाबाईंचा हात कपबशीवरच थांबला. निंबाभाऊ उठून उभे राहिले.

"काब्र रे? का केलं असं?"

"भीती वाटली, भाऊ. नाव जाईल म्हणून."

"तुझं जाईल म्हणून माझं घालवलं?" त्यांचा आवाज चढला नाही. "आणि मी तुझ्या दारात येऊन माफी मागितली. तू मागू दिली."

निंबाभाऊंनी तोंड फिरवलं, म्हणाले, "जा आता." चहा कुणी घेतला नाही.

शेठने निंबाभाऊंना परत बोलावलं. ते गेले नाहीत. फक्त शेठच्या आईला भेटून आले, असं कानावर आलं. पुढे कामरेजच्या एका डॉक्टरांकडे त्यांना नोकरी लागली. गॅरेजवरून जाताना ते थांबत नसत. हेमराज हात वर करी, ते सरळ समोर बघत पुढे जात.

तीनेक महिन्यांनी एक अनोळखी माणूस तशीच डायरेक्ट इंजेक्शनची गाडी घेऊन आला. "निंबाभाऊंनी पाठवलं," तो म्हणाला. "म्हणाले, काम येतं त्याला."

हेमराजने हात पुसले. "आणखी काही म्हणाले?"

तो माणूस जरा घुटमळला. "म्हणाले, काम चालू असेपर्यंत त्याच्या समोरून हलू नको."

"बरोबर सांगितलं त्यांनी," हेमराज म्हणाला, आणि आतून त्याच्यासाठी खुर्ची आणायला गेला.