झुंबरभाऊंचं हयातीचं शिबिर

नाताळ तीन दिवसांवर आला की शरणपुरातल्या आमच्या घरात मला बसायला जागा उरत नाही. दिवाणावर गव्हाणीचं गवत, सोफ्यावर पेपर पसरून करंज्या मांडलेल्या, सून स्नेहल स्टुलावर चढून तारा टांगतेय. आमच्या चर्चच्या मंडळीत फराळाची पाळी असते, रोज एका घरी सगळ्या बायका जमतात. आज आमच्याकडे. "पप्पा, जरा गॅलरीत बसता का?" स्नेहलने तिसऱ्यांदा विचारलं. एरवी भांडलो असतो. आज बरंच वाटलं, कारण त्या बायकांत कुसाबाई होत्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

कुसाबाईंचा नवरा आणि मी सातपूरला एकाच कारखान्यात होतो. तो गेला, बाईंना त्याची पेन्शन मिळते, बाराशे रुपये. हसू नका, त्यात त्यांचं इन्शुलिन बसतं. दर निवडणुकीला कुणीतरी येतो, पेन्शन वाढवतो म्हणतो, टाळ्या घेतो आणि जातो. आमचे निम्मे लोक वाट बघून बघून वर गेले. आमदारांना मात्र एकदा निवडून आलं की जन्मभराची सोय. डोकं फिरतं हो.

आणि एवढं सगळं कळणारा मी शहाणा नोव्हेंबरात काय करतो? नगरसेवक व्हायला निघालेले झुंबरभाऊ म्हणाले, "काका, हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसांना बँकेत कशाला पाठवता? चर्चच्या हॉलमध्ये मोफत शिबिर घेऊ." उपासनेनंतर सूचना वाचायचं काम माझं. लग्नं, दुखवटे, संडे स्कूलची सहल, आणि त्यातच मी ते शिबिर वाचलं. सूचनांमध्ये आलं की आमच्याकडे कुणी शंका घेत नाही. अकरा जणांनी रांगेत उभं राहून यंत्रावर अंगठे दिले. झुंबरभाऊंचा हात जोडलेला फोटो छापलेली पावती मिळाली.

या महिन्यात माझी पेन्शन आली नाही, म्हणून माझ्याकडेच ठेवलेल्या सगळ्यांच्या पावत्या घेऊन सकाळी बँकेत गेलो. तिथल्या मुलीने त्या उलटसुलट करून पाहिल्या. "आजोबा, तुमच्यापैकी एकाचाही दाखला आलेला नाही, म्हणून पेन्शन थांबलीय. ही कसली तरी दुसरीच नोंदणी आहे." मतदारांची यादी करत होते मेले, फोन नंबरांसकट.

चार वाजता झुंबरभाऊ केक घेऊन येणार होते. त्यांना बायकांसमोर जाब विचारायचा, असं मी ठरवलं. पण आधी आपली चूक आपल्या तोंडाने सांगायला हवी, म्हणून आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. लाटणी थांबली.

"मला वाटलं, सुट्ट्यांमुळं आली नसेल," कुसाबाई म्हणाल्या. "इंजेक्शनं शुक्रवारपर्यंतच आहेत." त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही वाचून दाखवलंत म्हणून गेले हो मी. आता तो येईल तेव्हा तुम्हीच बोला. आमचं कोण ऐकतंय?"

"बोलतो," मी म्हणालो.

झुंबरभाऊ आले ते दहा पोरं आणि तेवढेच मोबाईल घेऊन. वाकून माझ्या पाया पडले.

"भाऊ, ते शिबिर," मी सुरुवात केली.

"जोरात झालं ना? पुढच्या वेळी डोळ्यांचं घेऊ." मग खांद्यावर हात टाकून हळूच म्हणाले, "योगेशचं महापालिकेतलं कंत्राट मार्चमध्ये संपतंय ना, काका? माझ्या लक्षात आहे."

योगेश माझा मुलगा. या घराची चूल त्याच्याच पगारावर पेटते. स्टुलाशी उभ्या असलेल्या स्नेहलने मान खाली घातली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. माझी मला लाज वाटली, पण लाजेने तोंड उघडत नाही.

"या, भाऊ," मी म्हणालो, "फराळ घ्या."

फोटो निघाले. केकवरच्या सुरीवर माझाही हात होता. बायका खाली बघून पुन्हा करंज्या मुरडायला लागल्या.

ते गेल्यावर कुसाबाई उठल्या, पदराला पीठ पुसलं. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेलो.

"उद्या बँकेत जाईन म्हणते," त्या म्हणाल्या. "कुठल्या खिडकीवर जायचं, तेवढं कागदावर लिहून द्या."

मी खिशातलं पेन काढलं.

"नको, राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी तिथंच कुणालातरी विचारते."