आठ हातांची आई

प्राचार्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. बुद्धप्रिया नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची; सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. सहा महिन्यांच्या लुंबिनीला अहमदपुरात सासूपाशी ठेवून रोज एसटीनं जायचं, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. नवरा प्रेम म्हणाला, "तू ठरव." नवरे असं म्हणून मोकळे होतात.

तरी ती पहिल्या तासाची तयारी करत होती. विषय पिलांच्या संगोपनाचा. समुद्रातला बिनकण्याचा ऑक्टोपस आणि आपल्याकडचं फळं खाणारं मोठं वटवाघूळ, या दोघांची तुलना. मांडीवर पोर, समोर पुस्तक, आणि सकाळची भाकरी ताटात तशीच.

"काय वाचायलीस गं?" सासूबाई धुरपताबाई अंबाडी निवडता निवडता म्हणाल्या.

प्रियानं सांगितलं. ऑक्टोपसची मादी अंडी घालते आणि राखण करत तिथंच बसते. खाणंपिणं सोडते. पिलं बाहेर पडली की तिचा जीव जातो.

"अन् वाघूळ?"

"तिला एकच पिलू होतं, आत्या. तान्हं असताना पोटाशी धरून उडते. जड झालं की झाडावरच ठेवून चरायला जाते. परत आली की आवाजावरून, वासावरून आपलंच पिलू बरोबर हुडकते."

"मग त्यात नवल काय? प्रेमला मी बांधावरच्या कडूलिंबाला झोळीत टांगायची अन् खुरपायला जायची. लई रडायचा. मला वाटायचं, लेकरू विसरंल मला. न्हाई विसरलं."

प्रियाचे डोळे भरून आले. "मला ऑक्टोपसच खरी आई वाटते, आत्या. जीव गेला, पण हलली नाही."

धुरपताबाईंनी अंबाडी बाजूला सारली. "आठ हात असून उपाशी मेली ती बया. पिलं मोठी झाली तवा बघायला होती का?" त्यांनी लुंबिनीला उचलून झोळीत घातलं आणि ताट सुनेपुढं सरकवलं. "तुला तर दोनच हायत. जेव."

प्रियानं भाकरी मोडली. झोळीतून रडण्याचा आवाज आला तशी ती अर्धी उठली, पण सासूचा हात आधीच झोळीच्या दोरीवर गेला होता. ती पुन्हा बसली.

"सोमवारी सकाळच्या एसटीनं जाते, आत्या," ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला.