वैमानिकाची चूक

आमच्या कारखान्याचे विमान कोसळले, त्याला एकेचाळीस वर्षे झाली. त्या काळी जिल्ह्यात दुसऱ्या कोणत्याही कारखानदाराकडे स्वतःचे विमान नव्हते, याचा मला गर्व होता. त्या अपघातात माझे यजमान गेले, वैमानिकही गेला. चौकशीचा अहवाल दीड पानांचा: कारण अज्ञात, वैमानिकाची चूक संभवते.

गेल्या मंगळवारी वैमानिकाची मुलगी माझ्या बैठकीत आली. ती शाळेत गणित शिकवते. मी खुर्ची दाखवीपर्यंत उभी राहिली, हे मला आवडले.

"काकू, त्या एका ओळीपायी आईनं जन्मभर टोमणे खाल्ले. स्वतः मेला नि मालकालाही घेऊन गेला, म्हणायचे लोक. तुम्हाला काही ठाऊक असेल, तर लिहून द्या."

माझा थोरला मध्येच बोलला, "ताई, गाडलेली मढी कशाला उकरता? आईचं वय तरी बघा."

"माझ्या वयाची काळजी तू करू नकोस. तुझे गुडघे माझ्याआधी कुरकुरतात."

मला ठाऊक होते. उड्डाणापूर्वी वैमानिक सामानासोबत प्रवाशांनाही गोदामातल्या वजनकाट्यावर उभे करी. यजमान निमूटपणे चढत. एकदा ते माझ्या दृष्टीस पडले. हमालांदेखत मालक पोत्यासारखे तोलले जातात! मी वैमानिकाला बोलावून बजावले, "यापुढे आमच्या घरच्यांचे आणि त्यांच्या सामानाचे वजन होणार नाही. अंदाजाने लिहीत जा."

"बाईसाहेब, विमानाला मालक कळत नाही."

"तुम्हाला कळतो ना? मग झाले."

तिसऱ्या आठवड्यात यजमानांनी लोखंडी सुट्या भागांच्या दोन पेट्या मोटारीतून थेट विमानात चढवल्या. विमान धावपट्टी संपता संपता कसेबसे उचलले गेले आणि पलीकडच्या झाडांत शिरले. चौकशीला आलेल्यांनी मला काहीच विचारले नाही. मीही तोंड उघडले नाही.

मी कागद मागवला. थोरला म्हणाला, "आई, कारखान्याची अब्रू जाईल."

"माझ्या हुकुमाने जे झाले, त्याची अब्रू दुसऱ्याच्या बायकोने का राखावी?"

तो पाय आपटत निघून गेला. विमान त्याच कारणाने पडले, असे मी लिहिले नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. मी दिलेला हुकूम मात्र शब्दशः लिहिला आणि खाली सही केली.

मुलीने कागद दोनदा वाचला. आभार मानले नाहीत.

"आई परवाच्या वर्षापर्यंत होती, काकू. तेव्हा का नाही लिहिलंत?"

मी खिडकीकडे पाहिले. मला कोणी एकच प्रश्न दोनदा विचारण्याची या घरात रीत नाही.

तिने पुन्हा विचारले.