जपानी भन्तेंची थैली

"ही चेन मी काढत नाई, भन्तेजी. आतला खिसाबी नाई काढत. तीस वर्सांत या मशीनवरून खिशाबिगर एक थैली गेली नाई!"

माझ्या सासूबाई, जिजाबाई, मशीनवरून न उठताच हे ऐकवत होत्या आणि समोरच्या खुर्चीत जपानी भन्ते ती थैली मांडीवर घेऊन हसत होते. ऐंशीच्या घरातला माणूस. मी शाळेत जायचे तेव्हापासून त्यांना वर्ध्यात बघते आहे. हिंदी मोडकी, त्यात आमचा 'का'साठी 'काऊन' आणि 'हो'साठी 'हाव' घुसलेला. साधं खादीचं कापड त्यांनीच आणून दिलं होतं आणि बजावलंही होतं, की चेन नको, बटण नको, खिसा नको, गळ्यात अडकवायला एक पट्टा तेवढा हवा. पण आमच्या आईंना एक गोष्ट कमी करायला सांगा, त्या दोन जास्त करतील. स्वयंपाकातही तेच.

"माताजी, ये झुदाबुकुरो है," भन्ते म्हणाले.

"काय हाये?"

मी मास्तरीण, म्हणून त्यांनी मला समजावून सांगितलं. बुकुरो म्हणजे थैली. आणि झुदा तुमचाच आहे, म्हणाले. 'धुत', म्हणजे झटकून टाकणं. सगळं झटकून निघालेल्या भिक्खूची थैली, पात्र आणि ग्रंथ मावेल एवढी. शब्द इथून निघाला तो चीनमधून जपानात गेला. तिथे पुढे लोक मेलेल्या माणसाच्या गळ्यात तशी थैली घालू लागले, पुढच्या वाटेसाठी. नाव तेच राहिलं. आता तर कुठल्याही ढगळ, बेढब झोल्याला तिकडे झुदाबुकुरोच म्हणतात.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "यातली तुमाले कोनती पायजे?"

"दूसरी," भन्ते म्हणाले. "डॉक्टर बोला, एक साल. जादा नहीं."

आई ताडकन उठल्या. "मेलेल्या मानसाले थैली? माह्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली. तवापासून या घरात ना पिंड, ना तेरवी, ना मेलेल्याची शिदोरी. मी जित्या मानसासाठी शिवतो, भन्तेजी. मेलेल्यासाठी नाई!"

मला तर तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. भन्ते उठले, त्यांनी वाकून हात जोडले, "हाव, माताजी," म्हणाले आणि थैली खुर्चीवर ठेवून हळूहळू निघून गेले.

दोन दिवस मशीन बंद. शेवटी मीच चिडले. "आई, मरणाच्या दारातला माणूस. दिली असती हवी तशी, तर काय बिघडलं असतं?"

"तुले नाई समजनार," त्या म्हणाल्या. जरा वेळाने स्वतःच बोलल्या, "माह्या हातची थैली नवीकोरी चितेवर जाईन, नंदिनी? एक दिवस त्यात भाजी नाई, भाकर नाई, कोनाच्या खांद्यावर नाई? मंग मी शिवली तरी काऊन?" त्यांचे डोळे भरले होते. मला दिसू नयेत म्हणून त्या मशीनच्या तेलाची कुपी शोधायला लागल्या. कुपी समोरच होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चेन उसवली. खिसा मात्र ठेवला आणि त्यात निळा दोरा गुंडाळलेली एक सुई टोचली. मग थैली काठोकाठ बोरांनी भरली. कुणाचं भांडं असो की थैली, रिकामी परत करायची नसते. मी स्कुटीवरून त्यांना विहारात नेलं.

"चेन काढली," आईंनी थैली पुढे केली. "खिसा राहीन. त्यात सुई-दोरा हाये. पन माही एक शर्त हाये. पयले तुमी वापरा. बजारात न्या, पावसात भिजवा, जुनी करा. उसवली तं माह्याकडे आना. मंग तुमच्या मनात हाये ते करा. कोरी जाळाल तं याद राखा!"

भन्तेंनी एक बोर तोंडात टाकलं. "हाव," म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला हो! रविवारच्या बाजारात गळ्यात थैली, तिच्यातून मेथी बाहेर डोकावते आहे. पावसाळ्यात केळझरला जाऊन आले ते थैलीला चिखल लावूनच. तीन वेळा दुरुस्तीला घेऊन आले. "दगडं भरता का हिच्यात?" म्हणून आई ओरडायच्या आणि ते गेले की दिवसभर खुशीत असायच्या. डॉक्टरांचं एक वर्ष उलटलं, वर आणखी दहा महिने गेले. दिवाळीनंतर मात्र त्यांचं येणं बंद झालं. पाय उचलत नाहीत, असा निरोप आला.

माघात ते गेले.

आम्ही पोचलो तेव्हा विहार गच्च भरलं होतं. चीवर पांघरलेले भन्ते, गळ्यात थैली. मळून तिचा रंग पार गेला होता, कोपऱ्यात हळदीचा डाग होता. आईंनी वंदन केलं आणि सवयीने त्यांचा हात पट्ट्याकडे गेला. पट्टा जिथे उसवला होता तिथे निळ्या दोऱ्याचे सात-आठ टाके होते. वेडेवाकडे, एक इकडे तर एक तिकडे. आईंचे ते नव्हतेच. त्यांनी खिशात बोटं घातली. सुई निघाली, वीतभर दोरा उरलेली.

लोक थांबले होते. आईंनी पहिल्या वाकड्या टाक्याखाली नख घातलं. त्या तो उसवणार आणि नीट घालून देणार, हे मला कळलं. तीस वर्षांत वाकडा टाका त्यांनी कुणाचा ठेवला नव्हता. नख तिथेच थांबलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वाकडा हाये. पन जित्या मानसाचा टाका हाये."

त्यांनी पट्टा भन्तेंच्या छातीवर सरळ केला, सुई आपल्या पदराला टोचली आणि मागे सरकल्या.